मांगरातली टिकटिक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्या गाडीखाली पाठीवर पडले होते. हातात काचपेपर, अंगावर त्याचाच जुना सदरा. फोन वर सीटवर होता. वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. मला वाटलं दादाच असणार, पंपाचं विचारत असेल... घाईघाईने सरपटत बाहेर आले. फोनवर वहिनी होती. कुडाळच्या हॉस्पिटलातून तिने एवढंच सांगितलं, "तुझो दादा गेलो गो." हात पेट्रोलने माखलेले, तशीच निघाले. वाटेत वालावलचा फाटा लागला, तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं.

मला ती गाडी कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. दादाने सगळी नोकरी बोटीवर इंजिनं सांभाळण्यात घालवली. निवृत्त होऊन मालवणजवळच्या घरी आला तो गोव्यातून ही लाल, कापडी टपाची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेऊन. वयाने आमच्यापेक्षा थोडीच लहान, आणि दुखणी आमच्यापेक्षा जास्त. वहिनी तिला सरळ सवत म्हणायची. परसातल्या मांगरात पूर्वी नारळ आणि गवत असे, तिथे ही सवत नांदू लागली. मी शेजारीच राहणारी, एकटी, शाळेतून निवृत्त झालेली बहीण. आपसूकच मदतनीस झाले.

तिचं मुख्य दुखणं फ्युएल पंपाचं. तो मागच्या चाकाजवळ बसवलेला. चावी फिरवली की टिकटिक करत पेट्रोल पुढे ढकलणार आणि पुरेसं पोचलं की आपोआप गप्प होणार. टिकटिक आलीच नाही तर तो झोपलाय असं समजायचं. मग दादा गाडीखाली शिरून लाकडी दांड्याने त्याला हळूच ठोकायचा आणि मी चावीवर बसायची. तो मला दिसत नसे, म्हणून खूण ठरलेली होती. खालून, देवळात देवापुढे घालतात तसं गाऱ्हाणं यायचं, "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेक वाटेत खंय थांबूक देव नको, वालावलाक नेऊन पोचव रे म्हाराजा." मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं आणि चावी फिरवायची. देवाधर्माशी त्याचा संबंध इतकाच.

वालावल आमचं आजोळ. लहानपणी आईबरोबर चालत, होडीतून, मिळेल तसे गेलो. आता मला शेजारी बसवून, टप उघडा टाकून, देवळापुढच्या तळ्यापर्यंत न्यायचं असं त्याच्या मनाने घेतलं होतं. दर खेपेला धामापूरच्या चढाला पंप झोपायचा आणि आम्ही कुणाच्या तरी टेम्पोमागे बांधून परत. मी चिडायची. तो म्हणायचा, "फुडच्या खेपेक."

मग त्याचंच हृदय बिघडलं. चार पावलं चालला की दम लागायचा. त्याच सुमारास पंप ठोकूनही उठेना. मांगरात खुर्ची टाकून, कान देऊन बसल्या बसल्या दादाने निकाल दिला, पंप मेला. परदेशातून नवा मागवला आणि त्याची वाट बघण्यात पाऊस गेला, थंडी गेली. तपासणीच्या वेळी डॉक्टर समजावत होते, "हृदय म्हणजे शेवटी पंपच." दादा म्हणाला, "पंप बदलूक येता, डॉक्टर."

पंप आला तो दादा हॉस्पिटलात असताना. मी खोका घेऊन गेले. त्याने पंप दोन्ही हातांनी उचलून पाहिला, नाकाशी धरला. "तू बसव गो," म्हणाला. "टिकटिक इली की माका फोनार आयकव. मगे बघतंय वालावलाचा." बरा होणार नाही हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. निदान ती टिकटिक तरी त्याच्या कानावर घालायची, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेतली, जुना पंप काढला, नवा बसवला, वायरी जोडल्या. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. नाहीच... दादाने शिकवलेलं आठवलं, "पयलो करंट बघ, मगे अर्थिंग, आणि मगे पंपाक गाळी घाल." बल्ब लावून पाहिला, करंट येत होता. अर्थिंगचा बोल्ट उघडला. खाली खोबरेलाचा पिवळा चिकट थर, आणि त्याच्याखाली पांढरं खारट किटण; करंटची परतीची वाट तिथेच अडलेली. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही. म्हणून पावसाआधी आई कोयत्याला, कुलपांना, विळीला कोंबड्याच्या पिसाने खोबरेल लावायची. दादानेही दर वर्षी या गाडीचा एकेक बोल्ट सोडवून, आईसारखंच तेल लावून, परत आवळला होता. मी ते किटण घासत होते, तेव्हाच फोन वाजला.

दिवसकार्य उरकल्यावर मी मांगरात गेले. घासायचं राहिलेलं घासलं, वायर आवळली. नवा पंप टिकटिकला आणि गप्प झाला. अगदी व्हायला हवं तसं. पण मनात एक शंका शिरली होती, ती जाईना. कोपऱ्यात पडलेला जुना पंप उचलला, जमिनीवर ठेवून त्याच वायरी त्याला जोडल्या आणि चावीवर जाऊन बसले. सवयीने तोंडातून "व्हय म्हाराजा" निघून गेलं. गाऱ्हाणं कुणी घातलंच नव्हतं.

जुना पंपही टिकटिकला. खणखणीत. त्याला काही झालंच नव्हतं. पाऊस आणि थंडी दादा ज्याची वाट बघत खुर्चीत बसून राहिला, त्याची गरजच नव्हती. काचपेपरचा एक तुकडा घेऊन खाली शिरलो असतो तर आम्ही वालावलला जाऊन आलो असतो. वहिनीला मी हे अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा तिला कळेल, आणि ती माझ्याशी बोलणार नाही काही दिवस. मांगराच्या खुंटीवर खोबरेलाची बाटली आणि ते पीस अजून तशीच आहेत, मला काढवत नाही.

त्या दिवशी जुन्या पंपाला पेट्रोलची नळी जोडलेली नव्हती, त्यामुळे त्याला थांबायचं कळेना. टिकटिक, टिकटिक चालूच. मी बराच वेळ ऐकत बसले. शेवटी चावी मलाच बंद करावी लागली.