धारूरला दिलेली दुसरी साक्ष

नगरहून सकाळी सातच्या बीड गाडीत बसले तेव्हा माझ्या पिशवीत भाचीसाठी एक साडी, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा आणि रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची एक पट्टी होती. साडी आणि वड्या वर होत्या. पट्टी अगदी तळाशी, आणि तिच्यावर आणखी एक टॉवेल. आता बीडला रेल्वेही जाते. शेजाऱ्यांनी तिनेच जा म्हणून आग्रह केला. पण मला एसटी बरी वाटते. खिडकीशी तोंड करून बसलं की कोणी फारसं बोलत नाही, आणि त्या दिवसांत माझ्याशी कोणी बोलू नये असंच मला वाटत होतं.

जाण्याचं कारण आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्यानंतर मला जे झालं ते, तीस वर्षं शाळेत मुलांना निबंध शिकवलेली मी बाई, कोणाला धड सांगू शकत नव्हते. पहाटे जाग यायची ती छाती धडधडतच. दूध उतू जायचं आणि मी समोर उभी राहून बघत असायचे, गॅस बंद करायला हात उचलायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आमच्या मंडळीतल्या (चर्चच्या समाजाला आम्ही मंडळी म्हणतो) बायका रोज संध्याकाळी येऊन माझ्याजवळ प्रार्थना करायच्या. दोन्हींनी मिळून मी हळूहळू माणसात आले.

मग गेल्या ईस्टरच्या रविवारी मी साक्ष द्यायला उभी राहिले. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगणं. चार माणसं ऐकायला बसली की माझी जीभ सैल सुटते, हा माझा जुना रोग. मी म्हणाले, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं. गोळ्या मी टाकून दिल्या. विश्वास पक्का असेल तर गोळी लागत नाही." लोकांचे डोळे भरून आले. चार-पाच मोबाईल वर झाले.

त्या दिवशी मला ते खरंच वाटत होतं. गोळ्या खरोखर टाकल्या होत्या. दोन महिन्यांत सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जास्त. मी गुपचूप लांबच्या एका डॉक्टरांकडे गेले आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मंडळीत कोणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकली, पण तो व्हिडिओ चालता झाला होता. तो धारूरच्या पुढच्या एका वस्तीवर, माझ्या भाचीच्या मोबाईलवर पोचला. सरोज माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, सरोजचं लग्न मीच लावून दिलं. दोन वर्षांपूर्वी तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि तेव्हापासून तिलाही गोळ्या होत्या. गेल्या आठवड्यात तिच्या सासूचा, सगुणाबाईंचा फोन आला. "ईनबाई (विहीणबाई), पोरगी बोलत न्हाई, खात न्हाई. तुमचं बोलणं आईकलं आन् गोळ्या चुलीत घातल्या तिनं. चार महिने झाले. तुमी या. तुमचं आईकती ती."

मी हिशेब केला. तिनं चुलीत घातल्या त्याच सुमाराला माझ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

बीडला गाडी बदलायची होती. स्टँडवर भजी घेतली, ती तशीच कागदात राहिली. धारूरला वडवणी-तेलगाववरून जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर बोलका होता. तिकीट फाडत म्हणाला, "बाई, एकट्याच? कावून (कशाला) चालल्या धारूरला? किल्ला बगायला?"

"भाची आजारी आहे," मी म्हणाले.

"मग बरं केलं. आजारी माणसाला माणूसच लागतं," तो म्हणाला आणि पुढे गेला. मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

रस्त्याच्या कडेनं ट्रॅक्टरच ट्रॅक्टर लागले. दिवाळी होऊन गेली होती. ऊस तोडायला माणसं निघाली होती. ट्रॉलीत पत्रे, बाजल्या, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी आणि सगळ्यांच्या वर बसलेली बायामाणसं. दोन्ही बाजूंना वेचायला आलेला कापूस पांढरा फुटला होता. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. त्या दिवशी डोळ्यांना दिसत होतं एवढंच.

धारूरच्या घाटात गाडी तापली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, वाफेचा लोट निघाला आणि आम्ही सगळे खाली उतरलो. समोर बालाघाटाचे डोंगर, उतारावर सीताफळाची झुडपं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पाटीभर सीताफळं घेऊन बसली होती. तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि छाती धडधडायला लागली. हातपाय गार पडले. मरण आलं असं वाटतं त्या वेळी. ते खोटं असतं हे माहीत असूनही वाटतं. मी मट्कन खाली बसले. मग आठवलं, सकाळची गोळी घरच्या घाईत राहूनच गेली होती. पिशवी उपसली, पट्टी काढली आणि लोकांकडे पाठ करून गोळी तोंडात टाकली.

म्हातारीनं आपला पाण्याचा तांब्या पुढे केला. "घ्या पानी. आन् पाठ कशाला करता? गोळीची काय लाज? मी बी खाती की बीपीची."

तिनं एक पिकलेलं सीताफळ फोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. "बिया गिळू नका फक्त. येतंय सावकाश ठिकाण्यावर." गाडी सुरू होईपर्यंत ती माझ्याशेजारी बसून राहिली. मी कोण, कुठली, काही विचारलं नाही. निघताना मी पैसे द्यायला लागले तर अर्ध्या फळाचे कसले पैसे म्हणून रागावली.

धारूरहून वस्तीपर्यंत जीपनं गेले. सगुणाबाई ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) शेंगा निवडत होत्या. सत्तरीच्या, काटक, कपाळ मोकळं, गळ्यात काळ्या दोऱ्यात लहानसा क्रूस. माझी पिशवी हातातून घेत म्हणाल्या, "लई वाळल्या तुमी. एवढ्या बऱ्या झाल्या तरी?" मी हसल्यासारखं केलं.

सरोज आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी तिच्या केसांत हात घातला. किती दिवसांत तेल नव्हतं. तिनं कूस बदलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तू आलीस." "तुझ्यासारखंच केलं मी. गोळ्या टाकल्या. रोज गुडघे टेकते. तुला झालं, मला होत नाही. माझा विश्वासच कमी पडतो."

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "होईल हं बाळ, होईल बरं." शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचे, तसं आपोआप तोंडून निघालं. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. संध्याकाळी सगुणाबाईंनी शेंगोळी केली, हुलग्याच्या पिठाच्या वळ्या लसणाच्या रश्शात शिजवलेल्या. माझ्या आवडीची. सरोजनं दोन घास खाल्ले, मी तीन. तिचा नवरा दानियल ट्रॅक्टर चालवतो. सोमवारी तो वस्तीतल्या माणसांना घेऊन कारखान्यावर जाणार होता. तो भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाला, "मावशी, उद्या उपासनेत तुमी बोला. तुमी बोलणार म्हणून ती येती म्हणाली. चार महिन्यांत घराबाहेर पडली न्हाई."

दुसऱ्या दिवशीची उपासना निरोपाची होती. तिथलं प्रार्थनामंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली. वस्तीतले लोक त्याला देऊळच म्हणतात. ऊसतोडीला निघण्याआधीच्या रविवारी जाणारी प्रत्येक जोडी आपला कोयता आणते आणि वेदीपुढे अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर ठेवते. नवरा-बायकोच्या जोडीलाच इकडे 'एक कोयता' म्हणतात. चौदा कोयते होते. धार लावून आणलेले, मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या. पाळकांनी (धर्मगुरूंनी) त्यांवर हात धरून प्रार्थना केली, की फडात कोणाचा हात तुटू नये, कोणाला साप चावू नये, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळ. खंजिरीवर एक भजन झालं. अर्धी माणसं रडतच गात होती, कारण आता भेट सहा महिन्यांनी.

मग पाळक म्हणाले, "नगरच्या पाहुण्या बाई साक्ष देतील. त्यांना आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेलंच आहे."

सगळ्यांनी! मला वाटलं होतं एका सरोजनं. मी उभी राहिले. सरोज बायकांच्या मागच्या ओळीत सासूला टेकून बसली होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचे डोळे कोणाच्या तरी तोंडावर स्थिर झाले होते. दुसरी एक खोटी साक्ष मला सहज देता आली असती. शब्द तयार होते.

मी पिशवीतून पट्टी काढली आणि कोयत्यांशेजारी चादरीवर ठेवली.

"मी सांगितलं होतं की मी गोळ्या टाकल्या," मी म्हणाले. "टाकल्या होत्या. दोन महिन्यांत पुन्हा आजारी पडले. पुन्हा सुरू केल्या. काल घाटातसुद्धा घेतली, लोकांकडे पाठ करून. देवानं मला मदत केली हे खरं आहे. पण गोळीची गरज नाही हे देवानं मला सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनानं जोडलं. ऐकायला छान वाटलं म्हणून. आणि नंतर शरमेनं गप्प बसले. सरोज, तुझ्या विश्वासात काही कमी नाही. कमी माझ्यात होती."

एक माणूस उठून बाहेर निघून गेला. पाळक खाली मान घालून उभे होते.

मग सगुणाबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत सावकाश पुढे आल्या, चादरीवरची पट्टी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"धरा. हे कोयते आमी देवापुढं ठिवतो, ते काय हितंच सोडून जात न्हाई. उद्या उचलून त्येनंच काम करतो. तुमी बी उचला."

बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. कोणी डोक्यावर हात ठेवला, कोणी पाठीवर. 'बरी हो' असं कोणीच म्हणालं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मी सोंग न करता देवापुढे उभी होते, आणि मला हलकं वाटलं, रडता रडता हलकं वाटलं.

सरोज मात्र आली नाही. ती बाहेर हातपंपाच्या ओट्यावर बसली होती. मी जवळ गेले तशी म्हणाली, "चार महिने, मावशी. रोज मी देवाची माफी मागत होते, मी वाईट आहे म्हणून. बाळ पण म्हणूनच गेलं असेल, असं वाटायला लागलं होतं. आणि तू तिकडं गोळ्या घेत होतीस."

"हो," मी म्हणाले. "मला माफ कर."

"आत्ता नाही करत."

मग ती रडायला लागली, लहानपणी आईच्या मयताला रडली होती तशी, मोठ्यानं. मी पुढे झाले तर सगुणाबाईंनी मागून माझा हात धरला. "रडू द्या. चार महिन्यांत डोळ्याला पानी न्हवतं तिच्या."

संध्याकाळी आम्ही तिघी ढाळजेत बसलो. सगुणाबाईंनी डोळे मिटले आणि एवढंच म्हणाल्या, "देवा, तू बी हितंच बसून ऱ्हा." यापेक्षा मोठी प्रार्थना मला आजवर करता आलेली नाही. त्या रात्री सरोजही झोपली, मीही.

सोमवारी ट्रॅक्टर गेले. वस्ती एकदम रिकामी झाली, दारांना कुलपं, राखेवर कुत्री. दानियल निघताना बायकोच्या पायाशी बसून आपला मोबाईल नंबर तिच्याकडून पाठ म्हणून घेत होता, जणू तिला तो येतच नाही. मंगळवारी आम्ही सरोजला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या? कोणी सांगितलं?"

सरोजनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "पावसाळ्यात. माझ्याच मनानं."

एवढी मोठी माफी कोणी कोणाला इतक्या कमी शब्दांत दिलेली मी पाहिली नाही. की ती माफी नव्हती, नुसती दया होती? मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या गाडीत पट्टी वरच ठेवली होती, पाण्याच्या बाटलीशेजारी. घाटात सीताफळवाली दिसते का म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढलं; तिची जागा रिकामी होती. पुढच्या रविवारी नगरला आमच्या मंडळीसमोर उभी राहिले आणि धारूरला बोलले तेच बोलले. काहींनी जवळ घेतलं, काहींनी बोलणं टाकलं. मोबाईल मात्र या वेळी एकही वर झाला नाही.

सरोजचा आठवड्यातून दोनदा निरोप येतो. शेवटचा असा होता: "गोळी घेतली. आज प्रार्थना करावीशी वाटली नाही. तू माझ्यासाठी कर." मी करते, दोघींसाठी.

पण तो जुना व्हिडिओ अजून फिरतो आहे. मला तो परत बोलावता येत नाही. कुठल्या गावात, कुठल्या घरात एखादी बाई तो बघत असेल आणि उठून चुलीकडे जात असेल, मला माहीत नाही. बाई, थांब. तिच्यासाठी हे लिहिलं आहे.