नारळ ठेवून मिटवलेला अपघात

पावस बाजूच्या त्या गावाचं नाव कानावर आलं की मला आधी एक पाय आठवतो, मग माणूस. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांनी माझी झोप उडवली नाही. या साध्या अपघाताची चुटपुट मात्र अजून गेलेली नाही.

गणपती जवळ आले होते. बंदोबस्ताची बैठक संपल्यावर बीटचे हवालदार मागे थांबले. म्हणाले, "साहेब, आंबे उतरवणारा एक गडी कलमावरून पडला म्हणून घरी बसलाय. पण गावात कुजबुज वेगळी आहे. त्याला गाडीने उडवलं म्हणतात."

"कधी पडला?"

"आषाढात."

आषाढात कलमावर आंबा नसतो, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी जीप काढायला सांगितली.

तो पडवीत खाटेवर होता. एक पाय गुडघ्याखाली सुजलेला, पट्टी ओली. मी विचारलं, "आषाढात झाडावर काय करत होतास?"

"बांडगूळ काढीत होतो, साहेब."

उत्तर तयार ठेवलेलं होतं. त्याने झाडही दाखवलं. त्याच्याखाली नुसता जांभ्याचा कातळ. एवढ्या उंचीवरून कातळावर पडलेल्या माणसाच्या हाताला, पाठीला ओरखडा नाही? आणि बंपर लागला की हाडं कुठे मोडतात, हे पंचनामे करून करून आम्हाला पाठ झालेलं असतं. तसं बोलून दाखवलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

"मिटलंय, साहेब. देवीसमोर नारळ ठेवलाय. पुन्हा विषय काढायचा नाय."

मी दरडावलं, समजावलं, कायदा सांगितला. व्यर्थ. मी उठलो, तेवढ्यात त्याची बायको दारातून पुढे आली.

"मी सांगते."

"तू गप ऱ्हा," तो म्हणाला.

"शब्द तुमी दिलात. देवळातल्या गाऱ्हाण्याला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी त्या नारळाला हात लावलेला नाय."

तिथेच गाठ सुटली. शेजाऱ्याचा मुलगा बोटीवर नोकरीला. पुन्हा बोटीवर चढायच्या आदल्या आठवड्यात बापाची पिकअप चालवताना वळणावर त्याने याला उडवलं. पोलीस केस झाली तर पोराची नोकरी जाईल म्हणून बाप हातापाया पडला. पाय बरा होईपर्यंत सगळं बघतो म्हणाला. इस्पितळात याने झाडावरून पडलो असं सांगितलं आणि गावच्या मानकऱ्यांनी देवळात याच्या हातून नारळ ठेवून विषय मिटवला. पोरगा बोटीवर गेला. आता डॉक्टर म्हणत होते, आणखी एक शस्त्रक्रिया लवकर झाली नाही तर पाय कायमचा ताठ राहील. आणि शेजारी म्हणत होता, आता पैसे नाहीत, मिटलं ते मिटलं.

बाईचा जबाब घेऊन गुन्हा दाखल केला. शेजाऱ्याला ठाण्यात बोलावलं. आधी तो माझ्यावरच चढला, देवासमोरचा शब्द पोलीस मोडतात म्हणाला. मी विचारलं, "गाडीचा विमा आहे?"

"आहे की. चालू आहे."

"मग भरपाई विमा कंपनीने दिली असती. त्याच्या पायाचा इलाज का अडवून धरलात?"

मला त्याचा रागही आला आणि कीवही. पोराला वाचवायच्या नादात कोणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. मग तो रडला आणि त्याने सगळं कबूल केलं. पोरानेही परतल्यावर नाकारलं नाही.

भरपाईचा दावा कोर्टात उभा राहिला, पण सोपा नव्हता. विमा कंपनीच्या वकिलाने एकच धरून ठेवलं: झाडावरून पडलो, असं तूच सांगितलंस ना? साक्षीला उभा असलेला तो कठडा धरून सरळ झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "खोटं सांगितलं होतं." भरपाई मिळाली. पण तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. पाय ताठच राहिला.

एकदा मिटवलं की पुन्हा दावा करता येतो का, असं लोक मला अजून विचारतात. लोकअदालतीत समजून-उमजून सही केलीत तर ते दार बहुधा कायमचं बंद होतं. म्हणून दुखणं कुठवर जाणार हे डॉक्टर सांगेपर्यंत सही करू नये. गावात आपसात मिटवलेलं मात्र कायद्याला बांधत नाही, वेळेत वकिलाकडे गेलात तर वाट असते. हे मी ठामपणे सांगतो. पण माणसाला ते किती बांधतं, हे मला त्या गावाने शिकवलं.

निवृत्तीनंतर शिमग्याला त्या गावी गेलो. देवळात गर्दी होती. तो खाली, पहिल्या पायरीशी काठी घेऊन बसला होता. मी विचारलं, "पाय चढत नाही का रे?"

"चढतो की. काठीने बाजारात जातो, सगळीकडे जातो."

"मग इथे का बसलास?"

"नारळ मी ठेवला होता, साहेब. आणि कोर्टात शब्दही मीच मोडला," तो म्हणाला.

वर त्याची बायको देवीची ओटी भरत होती.