पहिलीच खेप

नवऱ्याला हे वेड दमणच्या जेटीवर लागलं. त्याच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारची, म्हणून आम्ही शुक्रवारी सिल्वासाहून दमणला गेलो होतो आणि भजी खात बसलो होतो. समोरून एक गोरं जोडपं आलं. दोघांच्या पाठीवर डोक्याच्याही वर गेलेल्या सॅक, पायात झिजलेल्या चपला, अंगाला आठ दिवस पाणी लागलं नसावं. त्या बाईनं एक केळं सोललं, अर्धं त्याला दिलं, अर्धं आपण खाल्लं, आणि दोघं किनाऱ्यानं चालायला लागली. झालं, एवढ्यावर आमचा माणूस पाघळला. "असं जगावं बघ माणसानं," म्हणाला. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला सामरवरणीच्या नाक्यापर्यंत जायचं तर रिक्षा लागते."

पण हौसेला मोल नसतं आणि डोक्यात शिरलेल्या वाऱ्याला औषध नसतं. पुढच्या महिनाभर जेवताना तेच. दमणहून बोर्डीपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं चालायचं, चार दिवस, आपण दोघंच. जिथं पाय दुखतील तिथं थांबायचं. माझे पाय हे ऐकूनच दुखायला लागले होते.

माझं सगळं लक्ष त्या दिवसांत नाशिककडे होतं. लग्नाआधी मी तिथं एका शाळेत मराठी शिकवत होते. लग्नानंतर नवऱ्याबरोबर सिल्वासाला आले ते बिनपगारी रजा टाकून. मोठ्या बाईंनी ती दोनदा वाढवून दिली आणि तिसऱ्यांदा देताना स्पष्ट सांगितलं, या जूनला हजर नाही झालीस तर जागा भरणार, मग माझ्याकडे रडत यायचं नाही. मी एकटीनं उठून नोकरीसाठी नाशिकला जाणं आमच्या दोन्ही घरांत कुणाच्या पचनी पडलं नसतं. म्हणून नवऱ्यानं नाशिकच्या एका कंपनीत अर्ज केला होता. जानेवारीत मुलाखत होऊन आली होती. त्याला तिथं नोकरी लागली की दोघांनी जायचं, त्यानं कंपनीत, मी शाळेत. एवढ्या एका गोष्टीवर मी सिल्वासातले दिवस ढकलत होते.

रोज अकराच्या सुमाराला पोस्टमनची सायकल दिसली की मी गॅस बंद करून खाली जायची. "आज काही नथी बेन," तो म्हणायचा. फेब्रुवारीत म्हणाला, मार्चमध्ये म्हणाला, एप्रिल उजाडला तरी तेच. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, मोठ्या कंपन्यांचं काम असंच, बैलगाडीच्या चालीनं. मग लगेच भरती-ओहोटीचं कोष्टक काढून बसायचा. मला वाटायचं, याचा जीवही टांगणीला लागलाय, म्हणून मन गुंतवतोय बिचारा. मीच खुळी. शेवटी एकदाचं हो म्हटलं.

आता त्या सॅकची कथा. विकतची सॅक आमच्या ऐपतीबाहेर, पण अडेल तो आमचा नवरा कसला. खडोलीला तो धाग्याच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होता. तिथं प्लास्टिकचे दाणे पांढऱ्या विणलेल्या गोणींतून यायचे. त्यातल्या दोन गोणी घरी आल्या, सिल्वासाच्या बाजारातल्या शिंप्यानं त्यांना पट्टे लावून दिले आणि झाल्या सॅक तयार. माझ्या सॅकवर पाठीच्या मधोमध इंग्रजीत छापलेलं होतं, हमालानं उचलताना लोखंडी आकडा लावू नये. नवऱ्याच्या सॅकवर निव्वळ वजन पंचवीस किलो. त्याचं स्वतःचं पंचावन्न असेल नसेल. शेजारच्या गुजराती बाईनं आम्हाला जिन्यातून उतरताना पाहिलं आणि विचारलं, दळण घेऊन कुठं निघालात.

आणि तो समुद्रकिनारा. नारळीची झाडं, पांढरी वाळू, निळंशार पाणी, असलं चित्र ज्यानं कॅलेंडरवर छापलं त्याला एकदा ओहोटीच्या वेळी दमणला आणून सोडावा. पाणी इतकं आत जातं की समुद्र कुठाय म्हणून विचारावं लागतं. उरतो तो करडा चिखल. काठीवर बोंबील वाळत घातलेले, आणि सकाळी आठपर्यंत खाली बघितल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही. देवक्याहून निघालो ते जांपोरपर्यंत पहिला दिवस गेला. दुपारी बाराला नवरा म्हणाला, "ऐक, काय शांतता आहे." मला माझ्या कानातलं रक्त वाजताना ऐकू येत होतं. त्यानं माझ्यासाठी केळं सोललं आणि अर्धं पुढं केलं. मी म्हटलं, "डझनभर आणलीत ना, मग अर्धं कशाला?" ते त्यानं एकट्यानं खाल्लं. तिथल्याच एका लॉजवर मुक्काम झाला. तिथं पोचेपर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडी ओलांडायची होती. कोष्टक बघून, साडी-पँट गुडघ्यापर्यंत खोचून आम्ही ओहोटीच्या पाण्यातून पलीकडे गेलो. इथंच आमच्या शहाण्याच्या कोष्टकाबाहेरची गोष्ट घडली. दमणला दारूची दुकानं गल्लोगल्ली, सिल्वासालाही तसंच. खाडीच्या पलीकडे मात्र गुजरात, आणि गुजरातेत दारूबंदी. आम्ही दोघंही न पिणारे, त्यामुळे आपण एका मुलखातून दुसऱ्यात चाललोय हे डोक्यातच आलं नाही. पांढऱ्या गोणी पाठीला बांधून, नवऱ्याच्या हातात पाच लिटरचा कॅन, अशी आमची वरात सकाळी सकाळी दमणच्या बाजूनं पाण्यातून वर आली. सुरूच्या झाडाखाली एक हवालदार विडी ओढत बसला होता. त्यानं विडी विझवून कानावर ठेवली.

त्यानं गुजरातीत विचारलं, कुठं निघालात. नवऱ्याला आपल्या गुजरातीचा भारी अभिमान. कारखान्यात शिकलेली, अर्धी मराठी, पाव हिंदी, उरलेल्या पावात छे छे. "बोर्डी, साहेब. फरवा माटे," तो ऐटीत म्हणाला. हवालदारानं गोणीवरून नजर फिरवली आणि विचारलं, याआधी कधी आला होतात का इकडून. नवऱ्यानं अगदी नम्रपणे हात जोडले. "ना ना साहेब. आ अमारी पहेलीज खेप छे."

मी डोळे मिटून घेतले. आमच्या मराठीत खेप म्हणजे वेळ, फेरी. पहिल्या खेपेला आलो, दुसऱ्या खेपेला मिळालं. तिकडे पोलिसापुढे खेप म्हटली की ती बाटल्यांचीच, आणि ती करणारा तो खेपियो. किराणा दुकानाच्या पुड्या वाचून मी गुजराती शिकले होते. त्या कागदांवर रोज कुठला ना कुठला खेपियो पकडलेला असायचा. आमच्या माणसानं स्वतःहून, हात जोडून, गुन्हा कबूल केला होता.

"चालो," हवालदार म्हणाला.

चौकी म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल, एक बाक. त्यानं आधी कॅन उघडून वास घेतला, मग चव घेतली. पाणीच निघालं तेव्हा त्याचं तोंड पडलं. मग माझी गोणी पालथी केली. चादर, थेपले, चिवडा, माझी साडी आणि पोलक्यात गुंडाळलेलं मलम. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. नवरा शेजारी उभा राहून त्याला आपण कारखान्यात सुपरवायझर असल्याचं सांगत होता आणि सहल म्हणजे काय ते समजावत होता. हवालदार म्हणाला, सहल समजली, पण कारखान्यात आहेस तर काही कागद दाखव. नवरा म्हणाला, कार्ड घरी राहिलं. मग हवालदारानं त्याच्या गोणीत हात घातला. नवरा एकदम म्हणाला, "त्यात काही नाही, साहेब, त्यात काही नाही." हे तो मराठीत म्हणाला. गुजराती विसरला.

गोणीच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत, तीन घड्या घातलेला एक लिफाफा होता. हवालदारानं पत्र उलगडलं आणि एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवत वाचलं. वाचता वाचता त्याचा चेहरा निवळला. दारू नव्हती, पण माणसं भल्या घरची निघाली म्हणून त्यालाच हायसं वाटलं असावं. त्यानं पत्राची परत घडी घातली आणि माझ्याकडे बघून हसला. "बेन, नासिकमां नोकरी मळी गई ने. पेंडा खवडावो."

मी म्हटलं, "दाखवा."

पत्र त्या नाशिकच्या कंपनीचं होतं. नेमणूक, पगार, राहायची सोय. एक एप्रिलपर्यंत हजर व्हावं, न झाल्यास नेमणूक रद्द समजावी. पत्त्यात आमचं घर नव्हतं, खडोलीचा कारखाना होता. इकडे मी सायकलीची घंटा ऐकून जिने उतरत होते आणि पत्र दीड महिना याच्या कारखान्यातल्या कपाटात पडलेलं. एप्रिल संपत आला होता.

हवालदारानं आम्हाला चहा पाजला आणि भिलाडची बस कुठं मिळेल ते सांगितलं. बाहेर आल्यावर नवरा माझ्या मागून चालत होता. "इथं मला इन्चार्ज करतायत," तो म्हणाला. "तिथं परत पहिल्यापासून सुरुवात. तिशी उलटल्यावर पोरांच्या हाताखाली. मला नाही जमलं गं."

ते खरं होतं. आडगावात शिकलेला मुलगा, खडोलीत त्याला पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं होतं. हे त्यानं मला मार्चमध्ये सांगितलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित समजूनही घेतलं असतं.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगणारच होतो. बोर्डीला. शेवटच्या दिवशी, सूर्य बुडताना. म्हटलं, चार दिवस एकत्र चाललो की तुझं मन जरा मोकळं झालेलं असेल."

म्हणजे बघा. पायाला फोड आणून, चिखल तुडवून, मला थेट सूर्यास्तापर्यंत चालवत नेणार आणि तिथं सांगणार की तुझी शाळा गेली. माणसानं किती सोय बघावी स्वतःची. मला रडू आलं नाही. राग इतका आला होता की रडायला जागाच नव्हती.

"तुमची नोकरी गेली," मी म्हटलं. "माझी जूनपर्यंत आहे. मी जाते."

"एकटी?"

"एकटी."

सासरच्यांनी पत्रं लिहिली, माझ्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला. जूनला मी शाळेत हजर झाले, पंचवटीत एक खोली घेतली आणि पाचवी-ब ला विभक्ती शिकवायला लागले. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं, नंतर तेही कंटाळले. नवऱ्याची तीन पत्रं आली. तिन्हीत तब्येत, हवा आणि नवी मशीनं. मी एकालाही उत्तर लिहिलं नाही.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मी शाळेतून येऊन चाचणीच्या वह्या तपासत बसले होते. दार उघडंच होतं. तो एस.टी.नं आला होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. खोली माझ्या पगाराची, भांडी मी घेतलेली. तो उंबऱ्याच्या बाहेर थांबला.

"आत येऊ का?" त्यानं विचारलं.

लग्नाला पाचवं वर्ष लागलं होतं. माझं उत्तर काय येईल हे माहीत नसताना त्यानं मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी त्याला दोन वह्या तपासून होईपर्यंत तसाच उभा ठेवला, आणि मग या म्हटलं.