धुराड्यातलं पोतं

आमचं घर कौलारू, लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या अंगाला, वाऱ्याच्या तोंडी. माजघरात आढ्याखाली धूर जायला हातभर भोक आहे, त्याला आम्ही धुराडं म्हणतो. पावसाळ्याआधी त्यात पोतं कोंबायचं, नाहीतर तिरपी सर थेट आत येते. दसऱ्याला काढायचं. हे काम बायकोचं. मी शिडी धरायचो.

यंदाही तिनंच कोंबलं, आणि आषाढात ती गेली.

दसऱ्याला मी एकटाच वर चढलो. पोत्यावर हात ठेवला आणि तसाच खाली उतरलो. विसरलो नव्हतो. तिच्या हातचं होतं ते. काढवलं नाही.

मार्गशीर्षात लेक बाळंतीण होऊन माहेरी आली. आई असती तर शेक-शेगडी तिनं बघितली असती, आता माझ्यावर. मालिशीला शेजारची मावशी यायची. त्या सकाळी थंडी लय होती. बाळाची अंघोळ उरकून मावशी घरी गेली. मी माजघरात लेकीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी सरकवली, वारं लागू नये म्हणून खिडकी लावली, दार ओढलं आणि म्हशीला पाण्यावर घेऊन गेलो. कोळशाला धूर नव्हता. मला काय कळणार?

परत आलो तर मावशी दारातून ओरडत होती. तेलाची वाटी विसरली म्हणून आली होती.

“आबा, पळा! पोरगी बोलंना!”

लेकीला उचलून ओसरीवर आणलं. सत्तरीच्या माणसानं कसं उचललं, माझं मलाच माहीत नाही. मावशीनं बाळ आणलं. बाळ गप्प. मावशीनं तळव्यावर टिचकी मारली, परत मारली. तिसऱ्या टिचकीला त्यानं असं भोकाड पसरलं की म्हैस बुजली.

लेकीनं डोळे उघडले. “आबा, डोकं लय दुखतंय.”

मावशी आत जाऊन वर बघून आली. “पोतं अजून तितंच? बाईमाणसासंगं अक्कलबी गेली व्हय तुमची?”

“काढवंना, मावशी.”

“मग मला सांगायचं व्हतं. मी काढलं असतं.”

लोणावळ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. म्हणाल्या, “दोघंही ठीक आहेत. पण कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, बंद खोलीत परत कोळसा पेटवलात तर बघा.” मी हात जोडले. बाहेर येऊन बाकावर बसलो आणि रडून घेतलं. लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला ओसरीवर उन्हात बसवलं आणि शिडी लावली. मावशीनं धरली. पोतं ओढलं तसं त्याच्यामागून काजळी, वाळकं गवत, चिमण्यांचं जुनं घरटं, सगळंच खाली आलं.

“आबा, भाकरीच्या टोपल्यात पडलं की वो सगळं!” मावशी किंचाळली.

“पडू दे. मी थापतो दुसऱ्या.”

“तुमी?” लेक बाहेरून हसायला लागली, आणि थांबेचना.