वरच्या खोलीतल्या मॅडम

"बसत नाही हं मी," असे म्हणत म्हणत त्या बसायच्या. खुर्चीच्या अगदी कडेला, पर्स मांडीवर, पर्सच्या पट्ट्याचा एक वेढा मनगटाला. चहाचा कप ओठांपासून दूर होतो न होतो तोच त्यांच्या वऱ्हाडी बोलीतले पुढचे वाक्य येई, "निघतो मी. गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही."

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती आपल्या समोर असतात, मनापासून हसतात, आपल्या आजाऱ्याची चौकशी करतात. पण त्यांचा एक पाय कायम चपलेत असतो. त्यांच्या तशा बसण्याची मला इतकी सवय झाली होती, की स्टाफरूममधल्या त्यांच्या खुर्चीला पाठ आहे हेही मी विसरले होते.

अमरावतीच्या एकाच महाविद्यालयात आम्ही शिकवीत होतो. मी मराठी, त्या इतिहास. राहायच्या अकोल्याला, म्हाताऱ्या आईपाशी. रोज सकाळी गाडीने बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटो, आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा. वर्षानुवर्षे. त्या जवळून गेल्या की लोखंडाचा, धुळीचा आणि केसांत माळलेल्या मोगऱ्याचा मिळून एक वास येई. मूर्तिजापूरला खिडकीतून गजरा विकत घेण्याचा त्यांचा नेम होता.

अमरावतीत घर करा, असे त्यांना सगळेच सांगत. त्यांचे उत्तर ठरलेले, "पुढच्या जूनमध्ये पाहू." जून येई, ऊन ओसरे, आणि त्या पुन्हा बडनेऱ्याच्या ऑटोतून उतरत. एकदा वर्गात तुघलकाने राजधानी हलवली तो भाग चालला होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी कवा शिफ्ट होता?" वर्ग खदखदून हसला. त्या खडू खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "मी तुघलकापेक्षा शहाणी आहे, म्हणून हलत नाही."

मग एका हिवाळ्यात त्यांची आई गेली. उपचारांसाठी तिला अमरावतीच्याच एका दवाखान्यात आणले होते. महिनाभराने त्या कामावर परत आल्या तेव्हा केसांत मोगरा नव्हता आणि जिना चढताना त्या कठड्याला धरत होत्या. गुडघे गेले होते. त्याच सुमारास प्राचार्यांनी त्यांना उपप्राचार्यपद देऊ केले. अट एकच, गावात राहायला या. "विचार करून सांगतो," त्या म्हणाल्या.

सगळ्यांना नवल वाटले. विचार कसला करायचा? अकोल्यात आता होते कोण? आणि जायचे तरी किती लांब? भाषा तीच, ऊन तेच, काळी मातीसुद्धा तीच. अकोल्याचे लोक अमरावतीला आणि अमरावतीचे अकोल्याला नावे ठेवतात, तेवढाच काय तो फरक.

माझ्या घराची वरची खोली रिकामी होती. वडील गेल्यापासून खालच्या तीन खोल्यांत मी एकटीच. पंख्याची घरघर, फ्रिजचे मधूनच दचकणे, नळाला पाणी येण्याआधी पाइपात होणारी हवेची कुजबुज. माझ्या घरातले बोलणे ते एवढेच. मी त्यांना म्हटले, वर या. त्यांनी यावे म्हणून मी खोलीला चुना दिला, कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, खिडकीची कडी बदलली. डोक्यावर कुणाची तरी पावले वाजावीत, असे मला फार वाटत होते.

"दिवाळीलोक राहून पाहतो," दिवाळीपर्यंतची मुदत घालून घेत त्या म्हणाल्या. "जमलं तर सामान आणतो. नाही जमलं तर तुमी वाईट वाटून घ्यायचं नाही."

जूनमध्ये त्या आल्या. एक बॅग आणि आईचे पितळी निरांजन. बाकी सगळे अकोल्याच्या घरात, कुलपाआड.

पहिले काही आठवडे मी वरच्या पावलांचा आवाज ऐकत झोपले. पण संध्याकाळी, पूर्वी त्या गाडीसाठी निघायच्या नेमक्या त्या वेळी, एक विलक्षण गोष्ट घडे. त्या साडी नीट करीत, वेणी घालीत आणि पर्स मांडीवर घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसत. मी विचारले, "कुठे जायचंय?"

"कुठीच नाही वो. ही वेळ मले घरात बसू देत नाही."

उजेड पिवळ्याचा राखी होईपर्यंत त्या तशाच बसून राहत. मग उठत आणि वर जाऊन निरांजन लावीत.

आमची गल्ली तशी माणसांची भुकेली. समोरच्या कमलताई मूळच्या भातकुलीकडच्या, आवाज असा की चौकातला भाजीवाला वळून पाहावा. नव्या माणसाने पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाही, हा त्यांचा कायदा. त्यांनी डबा भरून कढी-गोळे पाठवले. मग शेजारून कोथिंबिरीची सांबारवडी आली, पलीकडून भरीत. मॅडमनी सारे डोळ्यांना लावून घेतले. आणि त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, घासूनपुसून, आत काही ना काही गोड भरून प्रत्येक भांडे ज्याचे त्याला पोचते केले.

पहिल्यांदा कौतुक झाले. दुसऱ्यांदाही झाले. मग कमलताई फाटकातच त्यांना आडव्या आल्या. "काहून वो मॅडम, आमचं भांडं टोचून राहिलं काय तुमच्या घरात? एक रात तरी राहू द्यान त्याले!"

बायका हसल्या. मॅडमही हसल्या, पण कानांपर्यंत लाल होऊन. वर आल्यावर त्यांनी मला विचारले, "माझं काय चुकलं?"

मी समजावले, की या गल्लीत भांडे राहून जाण्यातच गंमत असते. आज इकडचा डबा तिकडे, चार दिवसांनी तिकडची वाटी इकडे. त्या निमित्ताने जाणे-येणे चालू राहते. लगेच परत केले, की आपला काही संबंध नको असे वाटते लोकांना. त्यांनी नवीन विद्यार्थिनीसारखे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बरं. पुढचं ठेवून पाहतो."

पुढचा डबा त्यांनी ठेवला. फळीवर, निरांजनाच्या शेजारी. मी वर गेले की पाही, तो लखलखीत डबा एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखा बसलेला आणि त्या त्याच्याकडे पाठ करून पेपर तपासत असलेल्या. "झोप येत नाही हो," एकदा त्या अर्धवट हसून म्हणाल्या. पण ठेवला. दसरा झाला तरी ठेवला.

एके दिवशी कमलताई न विचारता जिना चढून गेल्या. दार लोटले, आत शिरल्या, फळीवरचा आपला डबा उचलला, उचलताना तेलाची बरणी हलवून पाहिली आणि ओरडल्या, "तेल संपलं अन् सांगत नाही? आमी काय मेलो काय इथं?" आणि तासाभरात तेल आणून ओतूनही गेल्या. मी खाली उभी राहून ऐकत होते. माझ्या मनात आले, झाले! आता या आमच्या झाल्या.

त्या संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि पहिल्यांदाच पाटावर भिंतीला टेकून बसल्या.

"बाबा गेले तवा आई मले घेऊन अकोल्याले मामाकडं आली," त्या म्हणाल्या. "मागची खोली दिली होती त्यांनी. माणसं चांगली होती. पण आईचा नेम होता, कोणाचं भांडं आलं तर दिवा लागायच्या आत परत गेलं पाहिजे, तेही भरून. बसून खाते असं कोणी म्हणू नये म्हणून. पुढं मले नोकरी लागली, मी घर बांधलं. तरी आई त्याले 'तुझं घर'च म्हणे. सारा जन्म अकोल्यात गेला तिचा, पण पाहुणी ते पाहुणीच."

कढईतली फोडणी जळू लागली होती. मी गॅस बंद केला.

"इथं दवाखान्यात शेवटच्या दिवशी मले म्हणते कशी, 'आपल्या घरी ने वो मले.' आपल्या! पहिल्यांदा म्हटलं तिनं. मी म्हटलं, उद्या नेतो. डॉक्टर उद्याच सोडणार होते." बाहेर कुणी तरी अंगणात पाणी शिंपडत होते, त्याचा ओला वास आत आला. "आत्ता कुठं ते घर आमचं झालं होतं. अन् त्याले कुलूप लावून मी इथं येऊन बसली. कमलताई आज तेल ओतून राहिल्या होत्या न, तवा वाटलं, अजून चार महिने राहिलो तर मी इथलीच होऊन जातो. मंग तिथं कोण आहे?"

शहाणी माणसे जे बोलतात, ते सारे मी बोलले. घर विकू नका, सुट्टीत जात जा, आई तर आता कुठेच नाही. त्या मान हलवत राहिल्या. माझ्या घरात माणूस असावे, हे मात्र मी बोलले नाही. त्यांना ते ठाऊक असावे. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ तो तिथेच राहू दिला.

दिवाळीआधी त्या परत गेल्या. उपप्राचार्यपद दुसऱ्या कुणाला मिळाले. त्या पुन्हा गाडीने येऊ लागल्या, केसांत पुन्हा मोगरा आला. पुढल्या वर्षी गुडघ्यांनी अगदीच नकार दिला तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या समारंभातही त्या खुर्चीच्या कडेलाच बसल्या होत्या.

आता त्यांचा फोन येतो, दिवेलागणीला. मागे अकोल्याच्या गल्लीतला गलका ऐकू येतो, कुणी तरी म्हातारी त्यांना "पोरी" म्हणून हाक मारते, आणि त्या घाईने म्हणतात, "ठेवतो हं, बोलावून राहिले." बोलणे संपले तरी मी फोन लगेच खाली ठेवत नाही.

परवा एक तरुण जोडपे फाटकाशी आले. बँकेत नवी बदली, खोली शोधत होते. मुलीने वरच्या बंद खिडकीकडे बोट दाखवले. "ती रिकामी आहे का, काकू?"

"नाही," मी म्हटले. "तिथे आमच्या मॅडम राहतात."

बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आले, की समोरच्या ओट्यावर कमलताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप थांबवले, माझ्याकडे पाहिले, मग त्या वरच्या खिडकीकडे.

"हाव नं," माझीच री ओढत त्या जोडप्याला म्हणाल्या, नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात. "गावाले गेल्या हायेत."