फक्त एक ओळ बदल

"माईक चालूच ठेव," नाना म्हणाले.

मी माईक चालू ठेवला. धुळ्याच्या बाहेर, हायवेवरचं लॉन्स. खचाखच भरलेलं. लोकांच्या हातात अक्षता, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना, आणि नाना स्टेजवर चढून थेट माझ्यासमोर उभे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळाला गंध.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"आडनाव?"

आडनाव सांगितलं. गाव सांगितलं, भडगावकडचं, गिरणाकाठचं. सगळं स्पीकरमधून. पार्किंगमधल्या ड्रायव्हर लोकांनाही माझं आडनाव ऐकू गेलं असेल.

नाना लोकांकडे वळले.

"तरीच."

एवढंच बोलले. पहिल्या रांगेतले हसले, मग त्यांच्या मागचे हसले. नाना खाली उतरून सोफ्यावर जाऊन बसले. कुणीतरी त्यांना पाण्याची बाटली उघडून दिली.

माझी चूक काय झाली होती, ते सांगतो. आमच्या खान्देशात लग्नाला उशीर होतो तो भटजीमुळे नाही होत, नावांमुळे होतो. मुहूर्त टळला तरी चालेल, पण आलेल्या प्रत्येक पुढाऱ्याचं नाव माईकवर आलं पाहिजे. आबासाहेब, आप्पासाहेब, भाऊसाहेब. कोण आधी, कोण नंतर, कुणाला 'आदरणीय' आणि कुणाला नुसतं 'सन्माननीय', याचं सगळं गणित असतं. मी मंडपवाल्या बापूंकडे ही नावं घेण्याचं काम करायचो. त्या दिवशी मी म्हणालो, "सोसायटीचे माजी चेअरमन नानासाहेब." नाना माजीच होते. निवडणूक हरले होते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण माजी म्हणायचं नसतं. एकदा चेअरमन झाला की तो मरेपर्यंत चेअरमन.

बापू मागून पुटपुटले, "नाव परत घे. माजी काढीसन घे."

मी घेतलं. चांगल्या आवाजात, प्रत्येक अक्षर ठासून घेतलं. इतकं चांगलं घेतलं की टाळ्या पडल्या. मग मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मीही सगळ्यांसोबत अक्षता टाकल्या.

मला राग आला नाही. हे नीट ऐका, कारण लोक मला विचारतात, तेव्हा तुझं रक्त उसळलं असेल ना? नाही उसळलं. दाढ काढायला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. गाल आहे, पण आपला नाही. मी पंगतीत जेवलो. जिलेबी दोनदा घेतली.

हा बधिरपणा मला नवा नव्हता. बाप सुरतला लूमवर. दिवाळीला आला तर आला. आई धुळ्यात जिनिंगमध्ये. कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पानाचा कचरा वेचायचं काम. घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांत कापूस. आल्या आल्या खोकायची, मग चहा मांडायची. मी बारावीनंतर कॉलेजात नाव घातलं आणि जाणं सोडलं. डीजेच्या पोरांबरोबर प्यायला लागलो. प्यायलं की काही वाटत नाही, असं म्हणतात. माझं उलटं होतं. मला एरवीच काही वाटायचं नाही, प्यायल्यावर जरा वाटायचं. एका वरातीत मारामारी केली, पोलिसांनी उचललं. आई चौकीवर आली. तिथल्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिली. मला तिची दयाही आली नाही.

रॅप मात्र करायचो. इमरानच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा. इमरान शटर अर्धं ओढायचा, काउंटरवर दोन गोधड्या उभ्या करायचा, त्यांच्यामध्ये फोन ठेवायचा. तोच आमचा स्टुडिओ. मी स्वतःला एक इंग्रजी नाव घेतलं होतं, आता सांगायची लाज वाटते. गाणी हिंदीत. मुंबईच्या पोरांची हिंदी. गल्ली, बंदूक, पोलिसांची गाडी, भाईगिरी. मी तोवर मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती. पण दम होता. एका श्वासात पुढाऱ्यांची पूर्ण रांग घेणाऱ्याला काय अवघड आहे? श्वास कुठे चोरायचा, नाव कुठे वर न्यायचं, कुठे आपटायचं, हे मला लग्नांनी शिकवलं. तेवढं नानांचं आणि त्यांच्या सोयऱ्यांचं देणं मानतो.

एकदा घरी फोनवर माझंच गाणं लावून बसलो होतो. आई भाकरी थापत होती. तिने विचारलं, "हाई कोनी बोली शे रे?"

"हिंदी शे."

"हिंदी माले समजस. पन आपला घरमा तं कोन्ही आसं बोलस नही."

भाकरी तव्यावर टाकून ती पुन्हा पिठाकडे वळली. तिला काही शिकवायचं नव्हतं, तिने नुसतं विचारलं. पण मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मी माईकवर पुस्तकी मराठी बोलत होतो, गोधड्यांमध्ये मुंबईची हिंदी. ज्या बोलीत आई खोकता खोकता मला शिव्या द्यायची, ती बोली मी कुठेच बोलत नव्हतो. आणि त्या बोलीत मला एकच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला गेला होता.

त्यावरच गाणं लिहिलं. अहिराणीत. पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला, कारण ही भाषा लिहायची असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

*कोना शे रे, कोना शे? भर मांडवमा इचारं.*
*माईक मन्हा हातमा, नाव तुन्हं पुकारं.*
*जी जिनमा कवडी येचस, कापूस खाईसन खोकलस,*
*त्या मायना शे मी, त्या मायना शे.*

इमरानला अहिराणी अर्धीमुर्धीच कळायची. गाणं झाल्यावर त्याने गोधडी बाजूला केली आणि म्हणाला, "आज पहिल्यांदा तूच गायलास."

गाणं चाललं. आम्ही सोडलं आणि ते आमच्या हातात राहिलं नाही. शिरपूर, पारोळा, अमळनेर, पोरं रील करायला लागली. वरातीत वाजायला लागलं. एका लग्नात मी स्टेजवर नावं घेत होतो आणि खाली रस्त्यावर डीजेवर माझंच गाणं. नवऱ्याचे मित्र पांढरे बूट घालून नाचत होते, सगळे गाड्याबंगल्यांच्या घरचे. डीजेवाल्याने फक्त 'कोना शे रे, कोना शे' एवढाच तुकडा कापून घेतला होता. तेवढाच पुन्हा पुन्हा. माय यायच्या आत मागे फिरवायचा. पोरं एकमेकांकडे बोट दाखवून विचारायची आणि हसायची. मी वरून बघितलं, आणि पुढच्या आप्पासाहेबांचं नाव घेतलं.

मग दादांचा निरोप आला.

दादा म्हणजे आई ज्या जिनिंगमध्ये होती त्याचे मालक. माझ्याहून थोडेच मोठे. राजकारणात नुकतेच उतरलेले, चौकाचौकात बॅनर. फार्महाऊसवर बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच कुणीतरी मला माईकवाला म्हणून बोलावत नव्हतं.

दादांनी खुर्ची दिली. चहा दिला, तोही त्यांच्यासारख्याच कपात. बोलणं शुद्ध, गोड. "कलाकार आहेस भाऊ तू. खान्देशचं नाव करशील." वाढदिवस येत होता. शिरपूर रोडला मोठं स्टेज, लाइट, मुंबईहून शूटिंगवाले. माझं गाणं शेवटी, सगळ्यांत शेवटी. आणि नंतर माझा स्वतःचा व्हिडिओ, खर्च त्यांचा.

"गाणं तेच ठेव," दादा म्हणाले. "फक्त एक ओळ बदल. मायना शे मी, तिथे दादाना शे मी."

मी कप खाली ठेवला.

"आई वगैरे चांगलंच आहे," दादा म्हणाले. "पण वाढदिवस माझा आहे ना."

बाजूला त्यांचा एक माणूस उभा होता, हातात दोन फोन. तो हसत म्हणाला, "आरे, तुन्ही माय बी दादानीच शे ना? दादाना जिनमा शे ना? मंग एकच झायं."

तो वाईट हेतूने बोलला नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो अडचण सोडवतोय. दादांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, ते मान हलवत होते. तेव्हा मला कळलं की नानांनी मला अपमान करायला विचारलं होतं, आणि या लोकांना अपमान करायचाही नव्हता. यांच्या हिशेबात मी, आई, जिनिंगचा कापूस, गाणं, सगळं एकाच गोदामात होतं. नानांचं बरं होतं म्हणायचं. नाना निदान चिडले होते.

रक्त तेव्हाही उसळलं नाही. कान मात्र गरम झाले. बऱ्याच दिवसांनी माझ्या अंगाचा काहीतरी भाग माझा वाटला.

"ओळ तीच ऱ्हाई, दादा," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मायना. तीच ऱ्हाई."

दादा रागावले नाहीत. "विचार कर," म्हणाले, आणि फोन घेतला. दोन फोनवाला माणूस मला गेटपर्यंत सोडायला आला.

पुढे काय झालं ते सरळ आहे. जिनिंगच्या मुकादमाने आईला सांगितलं, सकाळपासून येऊ नको. बापूंनी माझे फोन घेणं बंद केलं. वाढदिवस झाला. दादांनी दुसऱ्या एका पोराला उभं केलं, कॉलेजचा, दिसायला चांगला, माझीच चाल, माझेच शब्द. 'दादाना शे मी' म्हणताना त्याने छातीवर हात मारला आणि आतषबाजी सुटली. मी ते इमरानच्या काउंटरवर बसून बघितलं. पोराचा श्वास चुकत होता. लोकांना त्याचं काही नव्हतं.

मला वाटलं होतं, आई माझ्या बाजूने असेल. तिच्यासाठीच तर नाही म्हणालो होतो. गोष्टींमध्ये अशा आया असतात, पोराच्या पाठीवर हात ठेवतात. माझी आई तशी निघाली नाही. बरेच दिवस ताट वाढायची आणि आत जायची. मग एकदा ताट समोर ठेवलं आणि उभी राहिली.

"मन्हा नाववर नही सांगी उना तू. माले इचारं व्हतं का?"

मी भात कालवायला घेतला.

"काम मन्हं गयं. गानं तुन्हं ऱ्हायनं."

हे लागलं. नानांचं 'तरीच' लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. किती वर्षांनी रडू आलं आणि तेही तिच्यासमोर, तर ती म्हणाली, "जेव आते. भात थंडा व्हई ऱ्हायना."

मी तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, म्हण ना बाबा, एका ओळीने काय होतं. मला हे माहीत होतं. म्हणूनच मी विचारलं नाही. आजही तसंच करीन. पण हेही खरं आहे की मी माझा मान राखला आणि त्याचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवलं. गाण्यात तिचा खोकला घेतला तेव्हाही विचारलं नव्हतं. दादांच्या माणसाने तिला दादांची म्हटलं, मी तिला माझी म्हणून मोकळा झालो. तिचं तिला कुणीच विचारलं नाही.

आता आई शेतात कापूस वेचायला जाते, टेम्पोतून, गल्लीतल्या बायांबरोबर. जिनिंगपेक्षा खोकला कमी आहे, कंबर जास्त दुखते. मी मार्केट यार्डात पोती उचलतो. लिहिणं चालू आहे. दारू सुटलेली नाही, कमी झाली आहे. सुधारलो असं कुणाला सांगत नाही.

नवं गाणं लिहिल्यावर मी आधी तिच्याकडे गेलो. ती दारात बसून बोटांना तेल लावत होती. बोंडांनी बोटं फाटतात.

"गानामा तुन्हं नाव लेऊ का?"

तिने विचार केला. खरंच केला, तेल लावायचं थांबली.

"नको. मन्हं नाव कोन्हाच तोंडमा नको. तुन्हा बी नको."

"बरं," मी म्हणालो.

या गाण्यात आई नाही. तिचा खोकला नाही, तिची बोटं नाहीत. तिच्या आड उभं राहून बोलायचं माझं संपलं. आता गाण्यात दादांचं नाव आहे, जिनिंगच्या नावासकट, आणि मुकादमाने कोणत्या शब्दांत घरी बसवलं ते आहे, कुणाला बसवलं ते नाही. गाणारा म्हणून खाली माझं पूर्ण नाव आहे. इमरानने ऐकलं आणि म्हणाला, "भाई, माझं दुकान जाळतील." त्याला लहान पोरगी आहे, त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या दुकानात रेकॉर्ड करणार नाही. यार्डात रविवारी सुट्टी असते, शेड रिकामी असते, आवाज घुमतो. या रविवारी तिथे माझ्या फोनवर रेकॉर्ड करतोय. सोमवारी सोडतोय. येऊ द्या कुणाला यायचं ते. त्यांनी माझ्याकडेच यावं, माझ्या आईकडे नाही.