बिनदोऱ्याची पिल्लं

अंडं हातात घेतलं की अक्का आधी विचारायची, "आई कुनाची ह्येची?" म्हणजे अंडं कोणाच्या घरच्या कोंबडीचं. मग त्यावर कोळशानं खूण करायची आणि पिल्लू बाहेर आलं की त्याच्या पायात त्या घरचा रंगीत दोरा बांधायची. स्वतःच्या पिल्लांना दोरा नाही.

जयसिंगपूरजवळच्या आमच्या गल्लीत ती एकटीच राहायची. तिची खुडूक कोंबडी मोठी चिवट, अंड्यांवरून हलायची नाही. म्हणून सगळ्या बायका आपली अंडी अक्काच्या बुट्टीत, म्हणजे टोपलीत, आणून ठेवायच्या, मग रोज डोकवायला यायच्या. चहा व्हायचा. खरं सांगू? अक्काला पिल्लांपेक्षा तो चहाच प्यारा होता. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं.

मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला; आम्ही गल्लीत कोंबड्यांच्या लसीकरणाचं शिबिर भरवलं. पत्रकं वाटली, ओरडून घसा बसवला. कोंबड्या घेऊन आली फक्त अक्का. बाकीच्या म्हणाल्या, "टोचल्यावर अंडी बंद हुत्यात." कुणी सांगितलं? कुणीच नाही!

पुढं काही महिन्यांनी मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली. गल्लीतल्या मोठ्या कोंबड्या काही गेल्या, काही तरल्या. अक्काच्या बुट्टीत एकाच कोंबडीनं उबवलेली पिल्लं, पण दोरेवाली माना टाकून मेली आणि बिनदोऱ्याची टुणटुणीत.

"सोताची बरी जगवलीस गं!" शेजारीण दारातनं ओरडली.

"म्या काय माना मुरगाळल्या व्हय?"

"द्येवालाच ठावं."

त्या दिवसापासून अक्काकडं जाणं बंद. मला आजही संताप येतो. मी दारोदार सांगत सुटलो: बायांनो, उबवणारीचा काय संबंध? टोचलेल्या कोंबडीची रोगाशी लढायची ताकद अंड्यातल्या बलकातून पिल्लात उतरते. अंडं घालणारी टोचलेली पाहिजे. तीही शिदोरी सुरुवातीच्या दिवसांपुरती, पुढं पिल्लांनाही लस लागतेच.

पटलं की! पुढच्या शिबिराला रांग लागली. पण अक्काच्या दारात जाऊन "चुकलं" म्हणायला एकीचीही जीभ उचलली नाही.

अक्का मात्र बुट्टीत निम्मी जागा मोकळी सोडायची.

"एवढ्या बुट्टीत चारच अंडी?" मी विचारलं.

"आली एकादी, तर ठेवाया नगं व्हय?"

चुलीवर आधण मात्र एका कपाचं.

मग ती कोंबड्या घेऊन सीमेपलीकडं बहिणीकडं राहायला गेली. एसटीत बुट्टी चढवून द्यायला मी एकटाच होतो.

परवा तिच्या कुलूपबंद दारापुढं पिल्लं उकरताना दिसली. गल्लीतलीच, टोचलेल्या कोंबड्यांची, धडधाकट. एकाच्याही पायात दोरा नव्हता. आई कुणाची, हे विचारणारंही कुणी नव्हतं.